मूत्रातील कर्कपेशींचा शोध : कोणती चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही

सुरत जिल्ह्यातील कामरेज हे तापीकाठचे तालुक्याचे ठिकाण. एकेकाळी बडोद्याच्या गायकवाडी राज्यातील नवसारी प्रांताचा तो एक महाल होता. आज मुंबई–अहमदाबाद महामार्गावरील मोठा नाका म्हणून तो ओळखला जातो. सुरतेच्या परिसरात पांडेसरा, सचिन, कडोदरा या पट्ट्यांत कापड रंगविण्याचे आणि छपाईचे कारखाने दाटीने वसले आहेत. त्यांत खानदेशातून गेलेल्या मराठी भाषक कामगारांची संख्या मोठी आहे.

अशाच एका कारखान्यातून निवृत्त होऊन कामरेजला राहणाऱ्या साठीच्या गृहस्थाला एके सकाळी लघवीतून रक्त गेले, असे समजू. वेदना नव्हती. दोन दिवसांत रक्त आपोआप थांबले. जवळच्या प्रयोगशाळेत लघवीची नेहमीची तपासणी झाली, गोळ्या मिळाल्या. पुढे कोणी सुचविले म्हणून लघवीतील पेशींची तपासणीही झाली. अहवाल आला : ‘कर्कपेशी आढळल्या नाहीत.’ या गृहस्थाने निर्धास्त व्हावे काय?

या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. हा प्रश्न एकट्या कामरेजचा नाही. काणकोण वा पेडणे येथील रुग्णाचा नमुना बांबोळीपर्यंत किंवा खासगी प्रयोगशाळेमार्फत राज्याबाहेर जातो, तेव्हा तेथील कुटुंबासमोरही हाच कागद आणि हाच प्रश्न असतो. म्हणूनच मूत्रातील कर्कपेशी शोधण्याच्या निरनिराळ्या पद्धती कोणत्या, त्यांची बलस्थाने व मर्यादा कोणत्या, हे समजून घेणे उपयुक्त ठरते.

रंग आणि मूत्राशय यांचा जुना संबंध

मूत्राशयाच्या आतील अस्तराला सतत मूत्राचा स्पर्श होत असतो. शरीरात शिरलेली अनेक विषारी द्रव्ये मूत्रपिंडांतून गाळली जाऊन मूत्राशयात काही तास साठून राहतात. धूम्रपान हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण ठरते ते याच मार्गाने. रंगद्रव्यांचा संबंधही असाच जुळतो. १८९५ साली फ्रँकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी फुक्सिन नावाचा किरमिजी रंग बनविणाऱ्या ४५ कामगारांपैकी तिघांना मूत्राशयात गाठी झाल्याचे नोंदविले. पुढे १९५४ मध्ये ब्रिटनमधील अभ्यासाने बेन्झिडीन आणि २-नॅफ्थिलअमाइन या द्रव्यांवर बोट ठेवले. आज आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ही दोन्ही द्रव्ये मानवात निश्चितपणे कर्करोग घडविणाऱ्या पहिल्या गटात ठेवली आहेत.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. सर्वांत मोठा सिद्ध धोका आहे तो अशी द्रव्ये व त्यांपासूनचे रंग तयार करणाऱ्या रासायनिक कारखान्यांत. कापड उद्योगातील कामाला याच संस्थेने १९९० मध्ये ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या खालच्या गटात घातले. त्यामागे रंगारी कामगारांत दिसलेले मूत्राशयाचे कर्करोग हे एक प्रमुख कारण होते. भारत सरकारने १९९० च्या दशकात बेन्झिडीनवर आधारित ४२ आणि ७० ॲझो, अशा एकूण ११२ रंगांच्या हाताळणीवर बंदी घातली. परंतु संपर्क आणि रोग यांच्यात अनेकदा २० ते ३० वर्षांचे अंतर पडते. बंदीपूर्वी काम केलेला माणूस आज साठीच्या पुढे असेल, आणि त्याचा धोका बंदीबरोबर संपलेला नाही.

या विषयातील एक महत्त्वाचा अभ्यास गुजरातेतच झाला. अहमदाबाद येथील ३३ कामगारांच्या मूत्रात गळून आलेल्या अस्तरपेशी संशोधकांनी तपासल्या. हे कामगार बेन्झिडीन किंवा त्यावर आधारित रंगांच्या संपर्कात होते. तुलनेसाठी संपर्कात नसलेले १५ जण घेतले होते. उघड्यावर आलेल्या कामगारांच्या पेशींतील डीएनएला बेन्झिडीनचे अंश चिकटलेले आढळले. १९९६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोग होण्याच्या कितीतरी आधी त्याची खूण मूत्रातील पेशीत उमटू शकते, हे त्यातून दिसले.

‘रुटीन’ तपासणी म्हणजे पेशीपरीक्षा नव्हे

सर्वसामान्य प्रयोगशाळेत होणारी ‘युरिन रुटीन’ ही तपासणी साखर, प्रथिने, पू-पेशी, रक्तपेशी आणि स्फटिक पाहण्यासाठी असते. ती कर्कपेशी शोधण्यासाठी नसते. तिच्यात रक्तपेशी आढळल्या तर तो इशारा ठरतो. परंतु ती स्वच्छ आली म्हणजे कर्करोग नाही, असा अर्थ निघत नाही. मूत्राशयातील गाठ रोज रक्त सांडत नाही. मधल्या शांत दिवसांत घेतलेला नमुना निर्मळ दिसतो आणि रुग्ण महिनेच्या महिने गमावतो.

कर्कपेशी शोधणारी मूळ तपासणी म्हणजे मूत्राची पेशीपरीक्षा, अर्थात युरिन सायटॉलॉजी. गर्भाशयमुखाच्या ‘पॅप’ चाचणीमुळे सर्वपरिचित झालेले जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी व्हिक्टर मार्शल यांच्यासह १९४५ मध्ये मूत्राच्या गाळातून कर्करोग ओळखण्याची रीत मांडली. तत्त्व सोपे आहे. अस्तराच्या पेशी सतत गळत असतात. कर्कपेशींची परस्परांशी पकड ढिली असल्याने त्या अधिक गळतात. त्यांना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की त्यांचे मोठे, काळपट, वेडेवाकडे केंद्रक उठून दिसते.

नमुना बिघडला तर सारेच बिघडले

सर्व पद्धतींची तुलना करण्यापूर्वी नमुन्याचा विचार करावा लागतो, कारण सर्वाधिक चुका येथेच होतात. मूत्र हे पेशींच्या दृष्टीने प्रतिकूल माध्यम आहे. त्यात तासन्‌तास राहिलेल्या पेशी फुगतात, आक्रसतात, फाटतात. म्हणूनच पहाटेची पहिली लघवी या तपासणीला योग्य नाही. रात्रभर साठल्याने तिच्यातील पेशी कुजलेल्या असतात. सकाळची दुसरी किंवा त्यानंतरची ताजी लघवी घ्यावी. साधारणतः ३० मिलीलीटरहून अधिक मूत्र असल्यास निष्कर्ष अधिक भरवशाचा ठरतो. एकाच नमुन्यावर न थांबता तीन वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने देण्याची प्रथा आहे, ती यासाठीच.

कामरेजहून सुरतेला किंवा काणकोणहून बांबोळीला नमुना पाठवायचा असेल तर उष्म्यात त्याची हानी होते. शक्य तितक्या लवकर तो पोहोचवावा, मध्यंतरी थंड ठेवावा किंवा प्रयोगशाळेने दिलेल्या परिरक्षक द्रावणात घ्यावा. कित्येक ठिकाणी अल्कोहोलयुक्त द्रावण मूत्रात समप्रमाणात मिसळले जाते. संसर्ग, मुतखडा, नुकतीच घातलेली नळी, मूत्राशयात दिलेले बीसीजीसारखे औषध, यांमुळेही पेशींचे रूप बदलते. ही माहिती नमुन्यासोबतच्या कागदावर लिहिलेली नसेल, तर तज्ज्ञाची दिशाभूल होऊ शकते.

काचपट्टी तयार करण्याच्या पाच रीती

मूत्रात पेशी विरळ असतात. त्या गोळा करून काचपट्टीवर कशा आणायच्या, यात प्रयोगशाळांच्या पद्धती वेगळ्या होतात.

पहिली रीत थेट लेपाची. नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ काचेवर पसरतात. ती स्वस्त आहे, कोणत्याही तालुका प्रयोगशाळेला जमते. पण पेशी असमान पसरतात, काही धुताना निसटतात आणि रक्त किंवा पू असेल तर सारे झाकोळून जाते.

दुसरी रीत सायटोस्पिनची. येथे यंत्र फिरतानाच पेशी काचेवरील एका लहान वर्तुळात बसवते आणि द्रव शोषक कागदात जिरतो. थोड्या पेशींच्या नमुन्यालाही ही रीत मानवते. खर्च मध्यम असल्याने वैद्यकीय महाविद्यालयांत ती सर्रास वापरली जाते.

तिसरी रीत गाळणीची. सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून मूत्र गाळून पेशी अडवायच्या. पेशी उत्तम जमतात, मात्र पडदा लवकर तुंबतो आणि तंत्र कौशल्याचे आहे. आता तिचा वापर कमी झाला आहे.

चौथी रीत द्रवाधारित पेशीपरीक्षेची. नमुना आरंभीच परिरक्षक द्रावणात जातो. नंतर यंत्र पेशी वेगळ्या करून त्यांचा एकसारखा पातळ थर काचेवर ठेवते. पार्श्वभूमी स्वच्छ असते, पेशी टिकतात, आणि उरलेल्या द्रवावर पुढील जनुकीय चाचण्या करता येतात. दूरवरून नमुना येणार असेल तर हा लाभ मोठा आहे. किंमत मात्र अधिक पडते. नीट घेतलेल्या, ताज्या नमुन्यावर सायटोस्पिन आणि ही रीत यांची निदानक्षमता साधारण सारखीच ठरते.

पाचवी रीत पेशीखंडाची. गाळ गोठवून मेणात बसवायचा आणि ऊतीप्रमाणे त्याचे पातळ काप घ्यायचे. गाठीतून आलेले पेशींचे पुंजके यात पाहता येतात व विशेष रंजनही करता येते. परंतु गाळ पुरेसा असला तरच ती शक्य होते.

अहवालाची भाषा

पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या शब्दांत अहवाल लिही. ‘संशयास्पद’, ‘असामान्य’ अशा शब्दांचा अर्थ डॉक्टरगणिक बदले. २०१३ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सुरू झालेल्या प्रयत्नातून २०१६ साली ‘पॅरिस प्रणाली’ प्रसिद्ध झाली; तिची दुसरी आवृत्ती २०२२ मध्ये आली. या प्रणालीने एक धाडसी गोष्ट केली. पेशीपरीक्षेचे खरे काम उच्च श्रेणीचा, म्हणजे आक्रमक, कर्करोग पकडणे हेच आहे, असे तिने मान्य केले. केंद्रकाने पेशीचा ७० टक्के वा अधिक भाग व्यापला आहे काय, ते गडद आहे काय, त्याची कड वेडीवाकडी आहे काय, त्यातील द्रव्य खडबडीत गुठळ्यांचे आहे काय, हे निकष पाहून ‘उच्च श्रेणीसाठी नकारात्मक’, ‘अनिश्चित’, ‘संशयित’ किंवा ‘उच्च श्रेणीचा कर्करोग’ असा निष्कर्ष दिला जातो.

म्हणूनच ‘नकारात्मक’ हा शब्द वाचताना त्याच्या आधीचे शब्द गाळू नयेत. अहवाल उच्च श्रेणीच्या कर्करोगापुरता नकारात्मक असतो. निम्न श्रेणीच्या गाठीच्या पेशी जवळजवळ निरोगी पेशींसारख्याच दिसतात. त्या ओळखणे अनुभवी डोळ्यालाही अवघड. युरोपीय मूत्ररोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शिकेत दिलेले आकडे बोलके आहेत : उच्च श्रेणीच्या कर्करोगात पेशीपरीक्षेची संवेदनशीलता सुमारे ८४ टक्के, तर निम्न श्रेणीत केवळ १६ टक्के.

प्रथिने, प्रतिपिंडे, गुणसूत्रे

पेशीपरीक्षेची ही उणीव भरून काढण्यासाठी गेल्या तीन दशकांत अनेक चाचण्या आल्या. त्यांतील सर्वांत सोपी एनएमपी-२२. ही पेशी पाहत नाही; कर्कपेशी मरताना मूत्रात सोडत असलेले केंद्रकातील एक प्रथिन शोधते. गर्भचाचणीच्या पट्टीसारख्या साधनावर अर्ध्या-पाऊण तासात उत्तर मिळते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात १,३३१ व्यक्तींची ही चाचणी व पेशीपरीक्षा दोन्ही झाल्या. कर्करोग ७९ जणांना निघाला. त्यांपैकी ४४ जणांत एनएमपी-२२ सकारात्मक होती. पेशीपरीक्षेने ७६ पैकी अवघे १२ पकडले. पण दुसरी बाजूही पाहावी. कर्करोग नसलेल्यांना ‘नाही’ असे बरोबर सांगण्याचे प्रमाण पेशीपरीक्षेत ९९.२ टक्के होते, तर एनएमपी-२२ मध्ये ८५.७ टक्के.

या फरकाचा व्यवहारातील अर्थ असा. समजा, हजार लोकांत दहा जणांना रोग आहे. एनएमपी-२२ त्यांपैकी पाच-सहा जण पकडेल, आणि निरोगी असलेल्या सुमारे १४० जणांना खोटा इशारा देईल. हे १४० जण पुढील तपासण्यांसाठी रांगेत उभे राहतील. मुतखडा, संसर्ग, रक्तस्राव यांमुळे हे प्रथिन वाढते, हे त्याचे कारण. सरसकट सर्वांची अशी चाचणी करण्याची शिफारस होत नाही, ती यामुळेच.

इम्युनोसाइट ही चाचणी पेशीपरीक्षेला जोडीदार म्हणून केली जाते. चकाकणाऱ्या प्रतिपिंडांनी कर्कपेशींवरील विशिष्ट द्रव्ये उजळवली जातात. निम्न श्रेणीतही ती बऱ्यापैकी उपयोगी ठरते. मात्र पुरेशा पेशी, विशेष सूक्ष्मदर्शक आणि सरावलेला तज्ज्ञ, तिन्ही आवश्यक असतात.

फिश या नावाने ओळखली जाणारी चाचणी गुणसूत्रांकडे पाहते. तिच्या ‘युरोव्हिजन’ या प्रकारात ३, ७ आणि १७ क्रमांकांची गुणसूत्रे व ९ व्या गुणसूत्राचा एक ठरावीक भाग यांना वेगवेगळ्या रंगांचे चकाकणारे ठिपके लावले जातात. निरोगी पेशीत प्रत्येक रंगाचे दोन ठिपके दिसतात. कर्कपेशीत ते तीन-चार होतात किंवा एखादा रंग नाहीसाच होतो. एका संकलित विश्लेषणात फिशची संवेदनशीलता ७२ टक्के आणि पेशीपरीक्षेची ४२ टक्के आढळली. विशिष्टता अनुक्रमे ८३ आणि ९६ टक्के. पेशीपरीक्षेचा अहवाल ‘अनिश्चित’ आला असता किंवा बीसीजी उपचारानंतर पेशींचे रूप संदिग्ध झाले असता फिशची मदत होते. खर्च आणि लागणारी यंत्रणा पाहता ती तालुका पातळीवर होण्याजोगी नाही.

जनुकांकडे वळलेली दृष्टी

नव्या चाचण्या पेशींच्या रूपाऐवजी त्यांतील जनुकीय मजकूर वाचतात. टर्ट जनुकाच्या प्रारंभक भागातील बदल आणि एफजीएफआर-३ मधील बदल मूत्राशयाच्या कर्करोगांत वारंवार आढळतात. दुसरा तर विशेषतः निम्न श्रेणीत, म्हणजे जेथे पेशीपरीक्षा गप्प बसते तेथेच. इराणमधील गोलेस्तान येथील दीर्घकालीन पाहणीत जपून ठेवलेल्या मूत्रनमुन्यांत टर्टमधील बदल काही रुग्णांत निदानाच्या तब्बल दहा वर्षे आधी सापडले. क्षयरोगाच्या तपासणीमुळे आपल्याकडे परिचित झालेल्या जीनएक्सपर्ट यंत्रासाठीही मूत्राशयाच्या कर्करोगाचे वेगळे कार्ट्रिज विकसित झाले आहे. ते पाच जनुकांचे संदेश मोजते.

कामगारांच्या दृष्टीने चीनमधील एक अभ्यास लक्षणीय आहे. बेन्झिडीनच्या संपर्कात आलेल्या १,७८८ कामगारांवर १९९१ ते १९९७ या काळात मूत्रपेशींतील खुणांच्या साहाय्याने लक्ष ठेवण्यात आले. कोणाला अधिक धोका आहे हे या खुणांवरून रोग उघड होण्यापूर्वीच ओळखता आले. सर्वांना चाळणी लावण्यापेक्षा ज्यांचा संपर्क सिद्ध आहे त्यांच्यावरच नेमके लक्ष ठेवावे, हा त्यातील धडा.

कोकणातील एक वेगळा धागा

मूत्राच्या गाळाकडे काळजीपूर्वक पाहण्याचे मोल सांगणारे एक उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. १९५२ साली रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावात मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमिआसिसचे स्थानिक केंद्र असल्याचे गाडगीळ आणि शहा यांनी दाखवून दिले. आफ्रिका व मध्यपूर्वेत आढळणाऱ्या या कृमीची अंडी रुग्णांच्या मूत्रात मिळाली होती. हा कृमीही मूत्राशयाच्या कर्करोगाचे मान्य कारण आहे, मात्र त्यातून बहुधा वेगळ्या प्रकारच्या, म्हणजे शल्की पेशींचा कर्करोग उद्भवतो. आखाती देशांत वा आफ्रिकेत दीर्घकाळ राहिलेल्या रुग्णाने ती माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी.

मग निवड कशी करावी?

या सर्व पद्धतींची तुलना केल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते : त्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी नाहीत; प्रत्येकीचा प्रश्न वेगळा आहे. पेशीपरीक्षा ‘होय’ म्हणाली तर ते जवळजवळ निश्चित धरावे, आणि दुर्बिणीला गाठ दिसली नाही तरी शोध थांबवू नये. रोग मूत्रवाहिनीत किंवा अस्तरात सपाट पसरलेला असू शकतो. ती ‘नाही’ म्हणाली तर तो निर्वाळा मानू नये. प्रथिनांच्या व जनुकांच्या चाचण्या अधिक रुग्ण पकडतात, पण त्यांतील अनेक खोटे इशारेही अधिक देतात. उपचार झालेल्या रुग्णांत हा रोग वारंवार उलटतो. तेथे दीर्घकालीन देखरेखीत या चाचण्यांना खरे स्थान आहे.

आणि पहिल्या निदानासाठी? मूत्राशयात दुर्बीण घालून केलेली तपासणी, म्हणजे सिस्टोस्कोपी, आणि वरच्या मूत्रमार्गाचे चित्रण यांना अद्याप पर्याय नाही. चाळिशीनंतर लघवीतून डोळ्यांना दिसेल असे रक्त एकदा जरी गेले, तरी मूत्ररोगतज्ज्ञाकडे जावे. धूम्रपानाचा किंवा रंग-रसायनांतील कामाचा इतिहास असेल तर अधिकच तत्परतेने. रक्त थांबले, दुखत नाही, ‘रुटीन’ स्वच्छ आली, पेशीपरीक्षाही नकारात्मक आली, यांपैकी कोणतीही गोष्ट ही भेट टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

कामरेजच्या त्या गृहस्थाच्या हातातील कागद खोटा नाही. त्याने केवळ आपल्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे : या नमुन्यात, या दिवशी, आक्रमक कर्कपेशी दिसल्या नाहीत. रक्त कोठून आले, हा प्रश्न अजून तसाच उभा आहे, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत तपासणी पूर्ण झाली असे म्हणता येत नाही.